गोष्ट सांगा, तात्पर्य गिळा: मुलांना पुराणकथा सांगायला बसणाऱ्यांसाठी

माझा भाचा चार वर्षांचा असताना मी त्याला गणपतीच्या जन्माची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून. पार्वतीने मळापासून मुलगा घडवला, त्याला दारात पहाऱ्याला उभं केलं, शंकर आले, मुलाने अडवलं, शंकर चिडले, शीर उडालं, मग हत्तीचं डोकं बसवलं. गोष्ट मस्त वठली असं मला वाटलं. पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी बेल वाजली की हा पठ्ठ्या दाराआडून आधी विचारायचा, "बाबा, तू मला ओळखतोस ना?" बहिणीने मला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

मी देवाची गोष्ट सांगत होतो, तो मात्र बाबाची आणि मुलाची गोष्ट ऐकत होता. त्याचं ऐकणं बरोबर होतं, माझं सांगणं घाईचं. त्यानंतर घरातल्या आणि सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगत आलो. बऱ्याच फसल्या, काही जमल्या. आपल्याला काहीच येत नाही, आजी असती तर बरं झालं असतं, असं वाटणाऱ्या नव्या आईबाबांसाठी, मामा-आत्यांसाठी त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी एकच गोष्ट घ्या, आणि ती स्वतः वाचा

उत्साहाच्या भरात लोक जाडजूड रामायण आणतात आणि रोज एक प्रकरण वाचायचं ठरवतात. चौथ्या दिवशी कुणाला तरी ताप येतो, पाचव्या दिवशी पाहुणे येतात आणि पुस्तक कपाटावर जातं. त्यापेक्षा दहा मिनिटांत सांगून होईल अशी एकच गोष्ट निवडा. महिनाभर तीच सांगितली तरी चालेल. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते, कंटाळतो तो सांगणारा.

निवडलेली गोष्ट मात्र मूळ ग्रंथाच्या मराठी भाषांतरात एकदा वाचून घ्या. आपल्याला माहीत असतं असं जे वाटतं त्यातलं निम्मं मालिकांमधून आणि कॅलेंडरवरच्या चित्रांमधून आलेलं असतं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. शबरीने चाखून दिलेली बोरं नाहीत, सेतू बांधताना वाळू आणणारी खारही नाही. अहल्या तिथे शिळा होत नाही, ती राखेत, कुणाच्या नजरेला न पडता राहते. म्हणून या गोष्टी टाकून द्यायच्या असं मुळीच नाही. त्या नंतरच्या रामायणांतून, कीर्तनांतून, लोकांच्या तोंडून आल्या आहेत, आणि शबरीची बोरं काढून घेतली तर माझी स्वतःचीच तक्रार राहील. फक्त काय कुठलं आहे ते सांगणाऱ्याला ठाऊक असावं. दहा वर्षांची पोरगी मोबाइलवर दोन मिनिटांत शोधते आणि विचारते, "मामा, हे तर त्यात नाहीये." तेव्हा तोंड लपवावं लागू नये.

थोडी मोठी मुलं असतील तर हीच एक गोष्ट करून सांगा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम सुरू झालं. 1,259 हस्तलिखितं जमवून त्यातला एकेक श्लोक ताडून पाहिला. काम संपलं 1966 साली. एवढ्या खटाटोपानंतर व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय हा आपला लाडका प्रसंग मुख्य संहितेत राहिला नाही, परिशिष्टात गेला. मुलांना हे सांगताना मी म्हणतो, की शेकडो वर्षं लोक एकमेकांच्या वह्या उतरवून घेत होते आणि आवडलं तिथे स्वतःचं थोडं घालत होते. वह्या उतरवणं म्हणजे काय हे त्यांना बरोबर कळतं.

वयाचा अंदाज

याचा फार बाऊ नको, पण चारच्या मुलाला मी काय केलं ते आठवा.

तीन ते पाच वर्षांच्या पोरांना खाणं, खोड्या आणि प्राणी पुरतात. छोटा नामदेव नैवेद्याचं ताट घेऊन विठ्ठलासमोर बसतो आणि तू जेवल्याशिवाय मी हलणार नाही म्हणतो, ही गोष्ट या वयासाठीच केल्यासारखी आहे. जेवण्यावरून हट्ट करणारं मूल आणि जेवायला घालणारं माणूस, दोन्ही बाजू त्यांना पाठ असतात, इथे फक्त त्या उलट्या झालेल्या असतात. सुरसेची गोष्टही घ्या. हनुमान समुद्रावरून उडत निघालाय, वाटेत सुरसा जबडा पसरते, हनुमान मोठा होतो, ती आणखी मोठा जबडा करते, हा आणखी मोठा होतो, आणि ती शंभर योजनं तोंड उघडते तेव्हा हा पठ्ठ्या अंगठ्याएवढा होऊन आत जाऊन बाहेर येतो. ही बसून सांगायची गोष्टच नाही. हात पसरत जा, पलंगावर उभे राहा, आणि शेवटी एकदम उकिडवे बसून आवाज बारीक करा.

सहा-सातपासून रुसवा, स्पर्धा, न्याय-अन्याय कळायला लागतो. ध्रुव पाच वर्षांचा आहे, त्याला बाबांच्या मांडीवर बसायचंय, सावत्र आई म्हणते, ही जागा तुझी नाही. धाकटं भावंड झालेल्या मुलाला ही गोष्ट सांगताना त्याचा चेहरा बघा.

दहा-बाराला आकडे आणि डावपेच लागतात. अक्षौहिणी म्हणजे महाभारतातलं सैन्य मोजायचं माप. एका अक्षौहिणीत 21,870 रथ, तेवढेच हत्ती, 65,610 घोडेस्वार आणि 1,09,350 पायदळ. आता म्हणा, प्रत्येक आकड्यातले अंक मिळवून बघ. प्रत्येक वेळी 18 येतात. सैन्यं एकूण 18 अक्षौहिणी, कौरवांच्या 11 आणि पांडवांच्या 7. युद्ध 18 दिवस, पर्वं 18, गीतेचे अध्याय 18. गणिताचं नाव काढलं की पळणारा एक मुलगा हे ऐकून वही घेऊन बसला आणि एकूण सैन्य 39,36,600 असं काढूनच उठला. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याला राहवलं नाही.

दार उघडायचं आणि लावायचं

आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्यांनी हे काम करून ठेवलंय. "आटपाट नगर होतं." तीन शब्दांत मूल घरातून उठून दुसरीकडे जातं. नगर कुठलं, राजाचं नाव काय, साल कुठलं, काही विचारत नाही. आणि शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." याचा अर्थ मला लहानपणी कळला नव्हता, तरी ते ऐकल्यावर आता उठायचं हे कळायचं. तुमच्या घरात असं काही नसेल तर स्वतःचं ठरवा. दिवा बारीक करा, तीच चादर अंथरा. "आज मी तुला आपल्या थोर संस्कृतीतली एक सुंदर गोष्ट सांगणार आहे" असं मात्र कृपा करून सुरू करू नका. मुलाला लगेच शाळेचा वास येतो.

आता एक गोष्ट मी प्रत्यक्ष कशी सांगतो ते जरा सावकाश सांगतो. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी.

आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता, महादेवाचा मोठा भक्त. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. इथे मी थांबतो आणि विचारतो, गाभारा म्हणजे आपल्या या खोलीएवढा धर, किती पिशव्या लागतील? मुलं भिंतीकडे बघतात आणि हजार, लाख, काहीही सांगतात. झालं, गाभारा त्यांच्या डोळ्यासमोर उभा राहिला. मग राजाने दवंडी पिटली: सोमवारी प्रत्येकाने घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. सगळं म्हणजे सगळं. इथे "सगळं" हा शब्द मी तीनदा म्हणतो, प्रत्येक वेळी थोडा हळू. लोक घाबरले. वासरांना दूध सोडलं नाही. मुलांना दिलं नाही. मी इथे वासरू हंबरतं ते करून दाखवतो. बाळ रडतं ते मुलं स्वतःच करतात, सांगावं लागत नाही. सगळ्या गावाचं दूध गाभाऱ्यात ओतलं. गाभारा भरला? नाही.

दुपारी एक म्हातारी निघाली. तिने आधी घरातलं काम आटोपलं, मुलाबाळांना खाऊपिऊ घातलं, सुनांना, वासरांना दिलं, मग उरलेलं खुलभर दूध, म्हणजे एवढुशा भांड्यात मावेल एवढं, थोडं गंध, फूल, दोन बेलाची पानं घेतली. देवळात आली. म्हणाली, महादेवा, राजाच्या एवढ्या दुधाने गाभारा भरला नाही, माझ्या खुलभर दुधाने काय भरणार? पण मी भक्तिभावाने वाहते. दूध ओतलं. आणि म्हातारी मागे वळली तोवर गाभारा काठोकाठ भरला.

इथे मी गप्प बसतो. ही सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण जीभ शिवशिवते. "बघा मुलांनो, म्हणजे देवाला..." हे वाक्य तोंडात येऊन उभं असतं. ते गिळायचं. कहाणीत पुढे राजा शिपाई बसवतो, तरी कारण कळत नाही, मग तिसऱ्या सोमवारी स्वतः लपून बसतो, म्हातारीचा हात धरतो, ती घाबरते, राजा अभय देतो आणि मग ती त्याला कारण सांगते. म्हणजे उत्तर गोष्टीतच आहे, आणि तेही म्हातारीच्या तोंडी. पण मी तो भाग दुसऱ्या दिवसावर ठेवतो. राजाला तीन सोमवार लागले, मुलांना एक रात्र मिळाली तर काय बिघडलं.

एकदा असाच गप्प बसलो होतो. शेजारची सहा वर्षांची मुलगी जरा वेळाने म्हणाली, "पण राजाने स्वतःच्या घरचं दूध दिलं होतं का?"

मी ही कहाणी पंचवीस-तीस श्रावण ऐकली असेल. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कहाणीत त्याचं उत्तर नाही, मी तिला तसंच सांगितलं. तात्पर्य मी आधीच वाढून ठेवलं असतं तर ती "हो" म्हणून उठून गेली असती.

हाताशी काय असावं

शिंकं, रवी, जातं, गाभारा, भाता, आपट्याचं पान. यातल्या वस्तू मुलांनी बघितलेल्या नसतात. गोष्टीच्या मध्ये थांबून समजावू नका, गोष्ट तिथेच सांडते. आधीच दाखवून ठेवा. शिंकं नसेल तर ओढणीचं करा, त्यात डबा ठेवा आणि पंख्याच्या हुकाला नको, दाराच्या खिळ्याला लावा. मडकं फोडण्याचा मोह होणारच.

नावं एका वेळी तीनच. धृतराष्ट्र, विचित्रवीर्य, चित्रांगद असं सुरू केलंत तर मुलाचे डोळे तुमच्यावर आणि मन भलतीकडे. "आंधळा राजा" एवढ्यावर दोन महिने चालतं.

चित्रं लागतातच असं नाही, पण वापरायची तर पिंगुळीच्या चित्रकथींसारखी वापरा. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची ही परंपरा आहे, ती सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले असतात, सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्याच्या साथीने गात गोष्ट पुढे नेतो. पुढचं चित्र दिसत नाही, म्हणून लोक हलत नाहीत. पुस्तकात मूल चार पानं पुढे उलटून राक्षस कधी मरतो ते बघून घेतं. त्यापेक्षा पाच कोरे कागद घ्या, काड्यांची माणसं काढा. माझा रावण बटाट्यांच्या माळेसारखा दिसतो आणि मुलांना तोच हवा असतो.

कीर्तनकार रंगात आलेली गोष्ट अडवतो आणि अभंग धरतो, तेही उचलण्यासारखं आहे. सगळ्यांना म्हणता येईल अशी एक ओळ गोष्टीत दोन-तीनदा आली की सगळ्यात धाकट्यालाही त्यात जागा मिळते.

सणाच्या आधी दोन दिवस

सणाच्या दिवशी घरात कुणाला वेळ नसतो. गोष्ट आधी सांगा, म्हणजे त्या दिवशी मुलाच्या हातात काहीतरी असतं. दसऱ्याला आपट्याचं पान देताना कौत्साची गोष्ट माहीत असलेली मुलगी पान वेगळं देते. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्यात, रघुराजाने सगळं दान करून टाकलंय, तरी तो कुबेरावर चाल करून जायची तयारी करतो आणि सोन्याचा पाऊस पडतो. आपल्याकडे सांगतात की तो आपट्याच्या झाडाखाली पडला. मग खरी गंमत: राजा म्हणतो सगळं घेऊन जा, कौत्स म्हणतो चौदा कोटींच्या वर एक नाणं नको. तू घे, मला नको, असं भांडण मुलांनी कधी पाहिलेलं नसतं.

गणेश चतुर्थीला चंद्र का बघायचा नाही, याला जोडून येणारी स्यमंतक मण्याची गोष्ट म्हणजे चोख रहस्यकथा आहे. मणी नाहीसा झाला, आळ कृष्णावर. कृष्ण माग काढत रानात जातो. मेलेला घोडा, मणी घालून शिकारीला गेलेला प्रसेन, तोही मेलेला, सिंहाच्या पावलांचे ठसे, मग मेलेला सिंह, मग अस्वलाचे ठसे आणि एक गुहा. आत एक लहान मूल मण्याशी खेळतंय. पुढे त्या अस्वलाशी, जांबवानाशी, कुस्ती, भागवतात ती 28 दिवस चालते. ही मी ठसे कागदावर काढून सांगतो आणि प्रत्येक ठशाला विचारतो, आता कुठे? नऊ-दहा वर्षांची पोरं श्वास रोखून बसतात.

दिवाळीच्या पाडव्याला तयारीने बसा. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असं आपण म्हणतो, आणि गोष्टीत तर विष्णू वामन होऊन त्याच बळीला तीन पावलांत पाताळात पाठवतो. मूल हमखास विचारतं, मग वाईट कोण? मला हा प्रश्न फार आवडतो. बळी प्रल्हादाचा नातू, दिलेला शब्द न मोडणारा, आणि भागवतात तर विष्णू पुढे त्याच्या दाराशी पहारा करतो. एवढं सांगून मी तो प्रश्न घरच्यांवर सोडतो. फराळाला बसल्यावर वाद रंगतो, आजोबा एका बाजूला, नात दुसऱ्या बाजूला.

प्रश्न आले की

"हे खरंच घडलं होतं का?" हा सातव्या-आठव्या वर्षी येतो. हो म्हणून गप्प करू नका, आणि "छे, नुसत्या गोष्टी आहेत" म्हणून हवाही काढू नका. तुमच्या मनात जे असेल ते सांगा. मी म्हणतो, आजी मानते की घडलं, मला नक्की माहीत नाही, पण इतकी माणसं इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आलीत हे मात्र घडलंय. तुला काय वाटतं? एकजण म्हणाला, "हनुमान खरा आहे, सुरसा खोटी." का, ते त्याने सांगितलं नाही.

"शंकराला कळलं कसं नाही?" हा माझा जुना कर्जाचा हप्ता. आता लहानांना मी गणपती-कार्तिकेयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेपासून सुरुवात करतो. डोक्याची गोष्ट वयाच्या पाच-सहा वर्षांनंतर, आणि तीही दोन तऱ्हांनी. ब्रह्मवैवर्त पुराणात शंकर शीर उडवतच नाही, तिथे शनीची नजर पडल्याने ते जातं आणि विष्णू हत्तीचं डोकं आणतो. एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा असतात हे कळलं की मुलं मोकळी होतात, आपल्याला पटेल ती निवडतात. दाराआडून विचारायची वेळ येत नाही.

एकलव्याच्या वेळी वकिली करू नका. गुरूची आज्ञा, त्यागाचं मोल वगैरे ऐकवलंत तर दहा वर्षांच्या मुलाचा तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि जायलाच हवा. द्रोणाने त्याला निषादाचा मुलगा म्हणून नाकारलं हे महाभारतातच स्पष्ट आहे. तसंच सांगा. अंगठा दिला तेही सांगा. मग थांबा. मला एकदा पहिला प्रश्न आला तो कुत्र्याचा: "त्याच्या तोंडात सात बाण मारले, त्याला लागलं नाही का?"

कुत्र्यांवर जीव असलेल्या मुलांसाठी महाभारत आहेच. आदिपर्वात, कथेच्या अगदी सुरुवातीला, जनमेजयाच्या यज्ञाजवळ एक कुत्र्याचं पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. आई म्हणते, तू काहीतरी केलं असशील. ते म्हणतं, मी यज्ञात वाहायच्या हविर्द्रव्याकडे बघितलंसुद्धा नाही, चाटलंही नाही. मग ती कुत्री थेट यज्ञात जाऊन राजाला जाब विचारते, माझ्या मुलाला का मारलं? कुणाकडेच उत्तर नसतं. आणि पार शेवटाकडे, सतराव्या पर्वात, युधिष्ठिराला स्वर्गात न्यायला इंद्राचा रथ येतो, पण बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून तो रथात बसायला तयार होत नाही. एवढं प्रचंड युद्ध या दोन कुत्र्यांच्या मध्ये आहे. भटक्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या एका मुलाला मी पहिली गोष्ट सांगितली. त्याने दगड मारणं सोडलं की नाही ते ठाऊक नाही, पण "आईने आधी त्यालाच का विचारलं" यावर तो बराच वेळ घुश्शात होता.

द्रौपदीचं वस्त्रहरण, सीतेची अग्निपरीक्षा, तप करणाऱ्या शंबूकाचा रामाने केलेला वध हे विषय तेरा-चौदाच्या पुढे, आणि तेव्हा सांगण्यापेक्षा ऐकायचं जास्त. सभेत द्रौपदी विचारते, स्वतःला आधीच हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का? भीष्मसुद्धा म्हणतो, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. तुम्हालाही सांगता आलं नाही तर लाजू नका. आणि एक: "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य व्यासांच्या महाभारतात नाही. तिनेच ओढवून घेतलं, असं सांगायला बरेच जण त्याचा आधार घेतात. मुलीला हे आवर्जून सांगा.

पडदा आणि काठी

कार्टून बंद करता येणार नाही, खटपटही करू नका. फक्त गोष्ट आधी तुम्ही सांगा, कार्टून मागून येऊ दे. आधी पडद्यावरचा हनुमान बघितला की मुलाच्या मनातला हनुमान जन्माला येतच नाही. मागून बघितलं की मूल स्वतःच चुका काढतं, "असं नव्हतं, जांबवान आधी त्याला आठवण करून देतो." ती आठवण करून देण्याची जागा तर सोडूच नका. एवढा बलवान हनुमान आपलं बळ विसरून गप्प बसलाय आणि म्हाताऱ्या अस्वलाने सांगितल्यावर त्याला आठवतं. परीक्षेच्या आदल्या रात्री ही चालते, पण कशासाठी सांगताय ते सांगू नका.

काठी म्हणजे गोष्टीची काठी. मला लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट फक्त मी पाणी आणून द्यायला कुरकुर केली की ऐकवली जायची. आजही कावड बघितली की मला कंटाळा येतो, बिचाऱ्या श्रावणाचा काय दोष. "देव बघतोय", "रावणासारखा वागू नकोस" हे घरात सुरू झालं की मूल गोष्टीला बसताना आधी विचार करतं, आज माझं काय चुकलं?

परत ऐकताना

पंधरा-वीस दिवसांनी मुलालाच सांगायला लावा, आजीला फोनवर किंवा धाकट्याला. राम स्कूटरवरून येईल, लंकेत लिफ्ट असेल. दुरुस्त करू नका. फक्त ऐका, कारण त्याने काय ठेवलं आणि काय गाळलं यावरून पुढची गोष्ट कुठली घ्यायची ते कळतं.

तो दाराआडचा भाचा आता सात वर्षांचा आहे. गेल्या गणपतीत आरास चालू असताना तो तीन वर्षांच्या बहिणीला गोष्ट सांगत होता, मी मखराच्या मागे वायर जोडत ऐकत होतो. "मग शंकर आले आणि म्हणाले, तू कोण? गणपती म्हणाला, मी तुझा मुलगा. मग ते दोघं आत गेले आणि मोदक खाल्ले."

बहिणीने मूर्तीकडे बोट केलं. "मग सोंड?"

त्याने जरा विचार केला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ते उद्या सांगतो," म्हणाला.